उन्हात काळा होणारा चष्मा गाडीत काळा का होत नाही? उजेडाने आणि चुंबकाने बदलणाऱ्या पदार्थांची गोष्ट

चांदीपला राहणाऱ्या माझ्या एका काकांनी नवा चष्मा केला. उन्हात गेलं की आपोआप काळा होणारा, घरात आलं की पुन्हा साधा होणारा. दुकानात काउंटरवरच एक छोटा टॉर्च काचेवर मारून दाखवण्यात आला, काही सेकंदांत काचेवर गडद ठिपका उमटला आणि काका खूश झाले. पहिल्याच आठवड्यात ते पुतण्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून शिरसाड फाट्यावरून महामार्गाला लागले. समोर दुपारचं टळटळीत ऊन, डोळे मिचकावून बेजार, आणि चष्मा मात्र साधाच्या साधा. "आपल्याला फसवलंय," असं ठरवून काका चष्मा घेऊन पुन्हा दुकानात.

खरं तर कोणी फसवलं नव्हतं. फक्त एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. हा चष्मा आपल्याला दिसणारा उजेड बघतच नाही. तो बघतो अतिनील किरण, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट. गाडीची पुढची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर घालून केलेली असते. अपघातात काचेचे तुकडे अंगावर उडू नयेत म्हणून. हाच थर जवळपास सगळे अतिनील किरण अडवतो. त्यामुळे काकांच्या डोळ्यांना भर दुपार दिसत होती, पण चष्म्याच्या दृष्टीने संध्याकाळ झालेली होती.

हा चष्मा ज्या कुटुंबातला आहे त्याला 'स्मार्ट कंपोझिट' म्हणतात, म्हणजे बाहेरून इशारा मिळाला की गुण बदलणारे संमिश्र पदार्थ. इशारा उजेडाचा असेल, चुंबकाचा, विजेचा किंवा उष्णतेचा. नाव ऐकून आत एखादी चिप असेल असं वाटतं. चिप नसते. दोन साधे पदार्थ असतात, एक बदलणारा आणि दुसरा त्याला धरून ठेवणारा. आणि गंमत बहुतेक वेळा त्या धरून ठेवणाऱ्यात असते.

कॅमेऱ्याचा रोल आणि चष्म्याची काच

उन्हात काळी होणारी काच अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत तयार झाली. विल्यम आर्मिस्टेड आणि डोनाल्ड स्टूकी या दोघांनी 1964 साली तिच्यावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. काच वितळलेली असताना तिच्यात थोडं चांदीचं क्षार (सिल्व्हर हॅलाइड) आणि किंचित तांबं मिसळायचं, मग काच ठरावीक तापमानाला तापवून ठेवायची. आत चांदीच्या क्षाराचे अतिसूक्ष्म स्फटिक तयार होतात. इतके बारीक की काच स्वच्छ दिसते.

अतिनील किरण पडले की तांब्याकडचा एक इलेक्ट्रॉन चांदीकडे जातो. क्षारातली चांदी धातूची चांदी होते, तिचे कण उजेड शोषतात आणि काच काळी पडते. सावलीत आलं की इलेक्ट्रॉन हळूहळू परततो आणि काच पुन्हा स्वच्छ.

आता हे आठवा: घरातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या रोलमध्येही चांदीचं क्षारच असायचं. लग्नात रोल चुकून उघडला की सगळे फोटो गेले, हे आपल्या आईवडिलांनी अनुभवलेलं आहे. उजेडाने काळं होणारा तोच पदार्थ. मग रोल एकदाच काळा होतो आणि चष्मा हजारो वेळा कसा होतो?

फरक त्याला धरणाऱ्या पदार्थात आहे. रोलमध्ये ते क्षार जिलेटिनच्या थरात असतं. उजेड पडल्यावर चांदीपासून सुटलेला घटक जिलेटिनमध्ये निघून जातो, परत येत नाही. काचेतून मात्र कोणाला कुठे जाताच येत नाही. सगळे जिथल्या तिथे अडकलेले, त्यामुळे पुन्हा जोडी जमते. फोटोला काळं पडून तसंच राहणं हवं होतं, चष्म्याला परत येणं हवं होतं. क्षार तेच, घर बदललं.

मग मे महिन्यात चष्मा फिका का वाटतो?

आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक लेन्स काचेच्या नसून प्लास्टिकच्या असतात. त्यात चांदी नसते, कार्बनचे मोठे रेणू असतात. अतिनील किरण पडले की या रेणूतलं एक कडं उघडतं, रेणू सपाट होतो आणि उजेड शोषायला लागतो. परत मिटण्याचं काम मुख्यतः उष्णता करते.

इथेच आपल्या हवामानाचा प्रश्न येतो. गरमी जास्त असेल तर रेणू उघडतात न उघडतात तोच मिटायला लागतात. म्हणजे चष्मा सगळ्यात काळा होतो तो थंडीतल्या स्वच्छ उन्हात, आणि ज्या दिवसांत त्याची सगळ्यात जास्त गरज असते त्या एप्रिल-मेमध्ये तुलनेने फिका राहतो. थंडीत उलटी तक्रार असते, सावलीत आल्यावर लवकर साफ होत नाही.

आता दुकानातला तो टॉर्च आठवा. एसी लावलेलं थंड दुकान आणि काचेला चिकटवून धरलेला अतिनील टॉर्च. यापेक्षा चांगली परिस्थिती त्या लेन्सला पुन्हा क्वचितच मिळणार. प्रात्यक्षिक खोटं नसतं, पण ते विरारच्या दुपारचं प्रात्यक्षिक नसतं. लेन्स घ्यायचीच असेल तर नमुना हातात घ्या आणि दुकानाबाहेर उन्हात पाच मिनिटं उभे राहा.

बाइकवाल्यांसाठीही तेच. हेल्मेटची काच बहुतेक पॉलिकार्बोनेटची असते आणि तीही बरेचसे अतिनील किरण अडवते. काच खाली असताना आतला चष्मा फारसा बदलणार नाही. दिसणाऱ्या उजेडालाही थोडाफार प्रतिसाद देणाऱ्या वेगळ्या लेन्स मिळतात, पण त्या घरातही किंचित रंगीत राहतात. तुमचा दिवस जास्त गाडीतच जात असेल तर मला विचाराल तर साधा गॉगल बरा. आणि हो, रेणू थकतात. काही वर्षं रोज उघडमीट झाली की काही रेणू कायमचे बिघडतात. लेन्स पूर्वीइतकी काळी होत नाही किंवा पिवळसर राहते. हा दोष नाही, त्यांचं वय आहे.

थिजलेलं खोबरेल आणि चुंबकाने थिजणारं तेल

उजेडाचं झालं. आता चुंबक.

डिसेंबरातल्या गार पहाटे खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी तेल येत नाही. मग ती उन्हात ठेवायची किंवा गरम पाण्यात. खोबरेल साधारण 24 अंशांच्या आसपास थिजतं आणि वितळतं. हाही एक बदलच आहे, पण सावकाश, तोही हवामानाच्या मर्जीने. हेच थिजणं बटण दाबून, डोळ्याची पापणी लवायच्या आत करता आलं तर?

1940 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये काम करणाऱ्या जेकब रॅबिनो यांनी ते करून दाखवलं. तेलात लोखंडाची अगदी बारीक पूड मिसळायची. कण काही मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान. एरवी हे मिश्रण दाट रंगासारखं वाहतं. चुंबकीय क्षेत्र लावलं की प्रत्येक कण छोटा चुंबक होतो, कण एकमेकांना चिकटून साखळ्या करतात आणि त्या साखळ्या तेलाची वाट अडवतात. काही मिलिसेकंदांत वाहणाऱ्या तेलाचा घट्ट लगदा. क्षेत्र काढलं की साखळ्या तुटल्या, तेल मोकळं. याला एमआर फ्लुइड म्हणतात, एमआर म्हणजे मॅग्नेटोरिओलॉजिकल. नाव विसरलात तरी चालेल.

घरी याची चुणूक बघायची असेल तर एक चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून अर्नाळ्याच्या काळपट वाळूत फिरवा. काळे कण पिशवीला मिश्यांसारखे उभे चिकटतील. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडातलं हे लोहखनिज झिजून नदीवाटे समुद्रापर्यंत आलेलं आहे. ते कण ज्या उभ्या रेषांत लागतात, तेलातल्या साखळ्या त्याच. पिशवी चुंबकापासून सोडवली की सगळे खाली. (पिशवी विसरू नका. उघड्या चुंबकावरून ते कण काढण्यात अख्खी संध्याकाळ जाते.)

गाडीच्या शॉकअपमध्ये आधीपासून तेल असतंच. चाक खड्ड्यात गेलं की दट्ट्या तेलातून सरकतो आणि तेल त्या धक्क्याचा जोर जिरवतं. साध्या शॉकअपचा कडकपणा कारखान्यात एकदा ठरतो. तिथे एमआर तेल भरलं आणि दट्ट्यात तारेचं वेटोळं बसवलं की विजेच्या प्रवाहाने कडकपणा क्षणोक्षणी बदलता येतो. डेल्फी कंपनीचं असं सस्पेन्शन 2002 च्या कॅडिलॅक सेव्हिल गाडीत पहिल्यांदा आलं. तेव्हापासून महागड्या गाड्यांत ते दिसतं. आपल्या खड्ड्यांना त्याची खरी गरज आहे, पण आपल्या खिशाला नाही.

शोध चाळीसच्या दशकातला आणि गाडी 2002 ची. मध्ये पन्नासेक वर्षं का गेली? एक मोठं कारण अगदी घरगुती आहे: गाळ. लोखंड तेलापेक्षा कितीतरी जड. गाडी महिनाभर उभी राहिली की पूड तळाशी बसते, आमटीतल्या डाळीसारखी. डाळ निदान ढवळली की वर येते, लोखंडाची पूड तळाशी घट्ट गोळा होऊन बसते. शिवाय लाखो वेळा दाबलं-सोडलं की कणांचे पापुद्रे निघतात आणि तेल कायमचं दाट होत जातं. म्हणजे घट्ट करणं सोपं होतं, पुन्हा पुन्हा पहिल्यासारखं पातळ करणं अवघड होतं. कणांवर लेप देणं, तेलात दाटपणा आणणारी द्रव्यं घालणं, यात बराच काळ गेला.

दोन पळवाटाही निघाल्या. एक म्हणजे कण इतके लहान करायचे, सुमारे 10 नॅनोमीटर, की ते बुडूच नयेत. हा फेरोफ्लुइड. इन्स्टावर चुंबकाजवळ काटे काढणारं काळं द्रव बघितलं असेल, ते हेच. नासातल्या स्टीव्ह पॅपेल यांनी 1963 साली ते बनवलं ते रॉकेटच्या इंधनासाठी, कारण वजनरहित अवस्थेत इंधन टाकीत तरंगत राहतं आणि चुंबकाने ते ओढून आणता येईल अशी कल्पना होती. पुढे ते स्पीकरमध्ये वगैरे रुळलं. पण कण लहान केल्यावर साखळ्याही दुबळ्या होतात, त्यामुळे ते एमआर तेलाइतकं घट्ट होत नाही. दुसरी पळवाट म्हणजे तेलाऐवजी रबर वापरायचं. कण रबरात अडकल्यावर गाळ कसला? पण रबर वाहू शकत नाही, कमी-जास्त कडक होतं एवढंच.

पालघरच्या भूकंपांना याचा उपयोग आहे का?

हा प्रश्न येणारच. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर 2018 पासून छोट्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि धुंदलवाडीसारख्या गावांतल्या लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या.

एमआर तेलाचे अवाढव्य शॉकअप इमारतींत बसवलेले आहेत. टोकियोच्या मिराइकान विज्ञान संग्रहालयात 2001 साली 30 टन जोर पेलणारे शॉकअप बसले. चीनमध्ये दोंगतिंग सरोवरावरच्या पुलाच्या केबल पावसा-वाऱ्यात थरथरायच्या, त्यांनाही 2002 साली असेच शॉकअप लावले गेले. यांचं एक वैशिष्ट्य कामाचं आहे. चुंबक चालवायला वीज फार कमी लागते, त्यामुळे भूकंपात वीज गेली तरी बॅटरीवर काम चालतं. बॅटरीही गेली तरी ते निदान साध्या शॉकअपसारखे वागतात.

पण डहाणूतल्या विटांच्या बुटक्या घराला याचा काही उपयोग नाही. हे तंत्र उंच, लवचिक इमारतींसाठी आणि लांब पुलांसाठी आहे. बुटक्या घराचा जीव दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींभोवती फिरणाऱ्या सलग काँक्रीटच्या पट्ट्यात, कोपऱ्यांच्या सळ्यांत आणि छप्पर भिंतीला नीट बांधण्यात असतो. 'स्मार्ट' शब्द ऐकून सरकारी योजनेत भलतंच काही घुसू नये, म्हणून हे इथे लिहिलं.

कोल्हापूरचा गुणाकार

महाराष्ट्रात यावर काम होतं का? कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात कंपोझिट पदार्थांची प्रयोगशाळा आहे आणि तिथून फेराइटच्या संमिश्रांवर बरेच शोधनिबंध निघालेले आहेत. फेराइट म्हणजे काळ्या मातीच्या भांड्यासारखं दिसणारं, लोखंडाच्या ऑक्साइडचं चुंबकीय सिरॅमिक. चार्जरच्या वायरवर जो जाड गठ्ठा असतो त्याच्या आत हेच असतं.

फेराइटची एक खोड अशी की चुंबकीय क्षेत्रात ते अगदी किंचित आकसतं किंवा ताणतं. आता स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर घ्या. 'टक' केल्यावर ठिणगी पडते, कारण आतला स्फटिक दाबला की वीज तयार करतो. हे दोन पदार्थ बारीक दळून, एकत्र दाबून भट्टीत भाजले तर? चुंबक आणला की फेराइट आकसतं, त्यामुळे शेजारचा कण दाबला जातो आणि वीज तयार होते. चुंबकापासून थेट वीज. यातलं एकटं फेराइट ते करत नाही, एकटा लायटरचा स्फटिकही करत नाही. हॉलंडमधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेतल्या व्हॅन सुख्टेलेन यांनी 1972 साली याला गुणाकाराचा गुण म्हटलं. काँक्रीटमध्ये सळईची ताकद आणि सिमेंटची ताकद यांची बेरीज होते. इथे गुणाकार होतो, शून्य गुणाचे दोघं मिळून तिसराच गुण देतात.

अडचण तीच, शेजाऱ्याची. भट्टीत भाजताना दोन पदार्थ एकमेकांत विरघळले किंवा मध्ये फट राहिली तर ताण पलीकडे पोचतच नाही. फेराइटमधून वीज गळली तरी सगळं मुसळ केरात. त्यामुळे किती टक्के हे आणि किती टक्के ते, किती अंशांवर भाजायचं, यातच संशोधकांची वर्षं जातात. रील होण्यासारखं काम नाही.

उजेड आणि चुंबक एकत्र

दोन्ही एकाच पदार्थात आले तर काय होतं? या दोघांचं नातं जुनं आहे. 1845 साली मायकेल फॅरेडे यांनी दाखवलं की शिसं मिसळलेल्या जड काचेतून जाणारा ध्रुवित प्रकाश चुंबकामुळे वळतो.

अलीकडचं उदाहरण आपल्या जवळचं आहे, खंबातच्या आखातापलीकडचं. भावनगर विद्यापीठात आर. व्ही. मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरोफ्लुइडमध्ये थोडे मोठे चुंबकीय कण मिसळले आणि त्यातून लेझर सोडला. चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं तर एका विशिष्ट तीव्रतेला किरण पलीकडे पोचेनासा होतो. क्षेत्र काढलं की पुन्हा पोचतो. कोणतीही खिडकी बंद न करता उजेड बंद.

याच्या उलट, म्हणजे उजेडाने चुंबक बदलणं, 1996 साली टोकियोच्या शास्त्रज्ञांनी केलं. पदार्थ होता प्रशियन ब्लू या तीनशे वर्षं जुन्या निळ्या रंगाचा भाऊ, त्यात कोबाल्ट घातलेला. लाल उजेड टाकला की चुंबकत्व वाढतं, निळा टाकला की कमी होतं. ऐकायला फारच भारी. फक्त हे सगळं उणे 250 अंशांच्याही खाली. तेवढं थंड नसेल तर ते चुंबकत्वच टिकत नाही.

खोलीच्या तापमानाला हे जमवायचं असेल तर उजेडाला त्याचं दुसरं काम द्यावं लागतं: तापवण्याचं. सोनीने 1992 साली आणलेल्या मिनीडिस्कमध्ये लेझर चुंबकीय थराचा एक ठिपका सुमारे 180 अंशांपर्यंत तापवायचा. तेवढ्या उष्णतेत तो ठिपका आपली जुनी दिशा विसरतो, तेवढ्यात शेजारचं चुंबक त्याला नवी दिशा देतं आणि तो थंड होतो. वाचताना मंद लेझर टाकायचा आणि परत येणारा प्रकाश कुठल्या बाजूला वळलाय ते बघायचं. फॅरेडेंच्या प्रयोगाचा हा चुलतभाऊ. गाणी मोबाइलवर आली आणि मिनीडिस्क गेली.

युक्ती मात्र परत आलीय. क्लाउडवरचा बराचसा डेटा आजही हार्ड डिस्कवर असतो आणि जानेवारी 2024 मध्ये सीगेट कंपनीने 30 टेराबाइटच्या पुढच्या ज्या डिस्क जाहीर केल्या, त्यात हीच पद्धत आहे. डिस्कवर लोखंड-प्लॅटिनमचे काही नॅनोमीटरचे कण असतात आणि दोन कणांच्या मध्ये कार्बनची भिंत. पुन्हा तेच, बदलणारा आणि धरून ठेवणारा. लोखंड-प्लॅटिनम इतकं हट्टी आहे की थंड असताना डिस्कमधल्या छोट्या चुंबकाला ते अजिबात दाद देत नाही. म्हणून लेझर त्या एवढ्याशा ठिपक्याला क्षणभर 400 अंशांच्या वर नेतो, चुंबक दिशा देतं आणि सुमारे एका नॅनोसेकंदात तो थंड होतो. कार्बनची भिंत मध्ये असल्यामुळे शेजारच्या कणाची दिशा शाबूत राहते. आणि इथे चष्म्याच्या अगदी उलट मागणी असते. लेझर पुन्हा येईपर्यंत त्या कणाने परत फिरायचं नसतं.

काकांचा चष्मा, विचाराल तर, त्यांनी ठेवला. शेतावर जाताना घालतात. गाडीसाठी दोनशे रुपयांचा गॉगल घेतलाय, तो मात्र घरात आल्यावरही काळाच असतो अशी आता त्यांची तक्रार आहे.